एका पेशीला एक रुपया धरला तर

एका पेशीला एक रुपया. एवढाच दर धरायचा आणि मोजायला बसायचं. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या अंगात पेशी किती? ३६ लाख कोटी. साठ किलोच्या बाईच्या अंगात किती? २८ लाख कोटी. नवरा-बायको शेजारी शेजारी बसले की झाले ६४ लाख कोटी रुपये! आता भारत सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प घ्या. सैन्य, रेल्वे, रस्ते, खतांवरची अनुदानं, कर्जावरचं व्याज, सगळं सगळं धरून ५०.६५ लाख कोटी. म्हणजे देशाचा वर्षाचा खर्च भागवून या जोडप्याच्या हातात वर १३ लाख कोटी उरतात. घरात दहा वर्षांचं, बत्तीस किलो वजनाचं पोर असेल तर त्याचे १७ लाख कोटी वेगळे.

ही मोजदाद ताजी आहे. संशोधक इयन हॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरचे दीड हजारांवर संदर्भ उपसले, शरीरातल्या ६० ऊतींमधल्या ४०० प्रकारच्या पेशी एकेक करून हिशेबात घेतल्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये हे आकडे जगासमोर ठेवले. पुरुषाच्या त्या ३६ लाख कोटी पेशी आपण एक-एक करून मोजू म्हटलं, सेकंदाला एक, न जेवता न झोपता, तर ११ लाख ४० हजार वर्षं लागतील. आपल्या आकाशगंगेत तारे किती? सढळ हाताने धरले तरी ४० हजार कोटी. तसल्या ९० आकाशगंगांमधले तारे एकत्र केले तेव्हा कुठे एका माणसाची बरोबरी होते. एका माणसाची!

आणि हे लाखो कोटी काही एकदा भरून ठेवलेल्या कोठारासारखे पडून नाहीत. ते सतत बदलताहेत. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या रॉन सेंडर आणि रॉन मिलो या दोघांनी २०२१ मध्ये नेमकं हेच मोजलं: दिवसाला किती पेशी मरतात आणि त्यांच्या जागी किती नव्या येतात? उत्तर आलं ३३ हजार कोटी. रोज. म्हणजे सेकंदाला ३८ लाख.

सेकंदाला ३८ लाख म्हणजे नक्की किती, ते एकदा नीट बघू या. मुंबईच्या लोकलने दिवसभरात सुमारे ७५ लाख लोक ये-जा करतात. चर्चगेटची गर्दी, दादरचा पूल, कल्याणची रेटारेटी, पहाटेच्या पहिल्या गाडीपासून मध्यरात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंतचे सगळे. तेवढ्या पेशी आपल्या अंगात दोन सेकंदांत जुन्या होऊन जातात आणि तेवढ्याच नव्या येतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. तेवढ्यांना अर्धं मिनिट पुरतं. १४० कोटींचा भारत? सहा मिनिटं. आणि ८०० कोटींचं सगळं जग? पस्तीस मिनिटं. गॅसवर कुकर चढवला, शिट्ट्या झाल्या, वाफ जिरली, वरण-भात ताटात आला, तेवढ्या वेळात पृथ्वीवरच्या माणसांइतक्या पेशी आपल्या अंगात नव्याने जन्मल्या. काल रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यापासून आज रात्री टेकेपर्यंत अशी एकेचाळीस जगं होऊन गेलेली असतात.

वजन किती या सगळ्याचं? ८० ग्रॅम. एका मध्यम बटाट्याएवढं. मला या सगळ्या आकड्यांत हा ८० चा आकडा सगळ्यात जास्त आवडतो. ३३ हजार कोटी एका पारड्यात आणि एक बटाटा दुसऱ्या पारड्यात, आणि काटा बरोबर मध्ये.

या बदलत्या पेशींतल्या शंभरातल्या ८६ रक्तातल्या असतात आणि १२ आतड्याच्या अस्तरातल्या. बाकी सगळं शरीर उरलेल्या दोनांत. तेव्हा रक्ताकडेच वळू.

घरी साखर तपासायचं यंत्र असतं अनेकांकडे. बोटाला सुई टोचायची, टिचभर थेंब आला की पट्टीचं टोक त्याला लावायचं, पट्टी तो शोषून घेते, पाच सेकंदांत आकडा येतो. त्या पट्टीने किती रक्त घेतलं? एका घन मिलिमीटरपेक्षाही थोडं कमीच. मोहरीच्या बारीक दाण्यात मावेल इतकं. प्रयोगशाळेच्या सीबीसी रिपोर्टमध्ये ‘आरबीसी काउंट’ नावाची एक ओळ असते, तिच्यासमोर ४.८ किंवा ५.१ असा बिचारा वाटणारा आकडा असतो. त्यापुढचं बारीक अक्षर वाचा: मिलियन, म्हणजे दहा लाख, आणि तेही दर घन मिलिमीटरला. म्हणजे त्या ग्लुकोमीटरच्या पट्टीने सहज ३०-४० लाख तांबड्या पेशी ओढून घेतल्या. २०११ मध्ये पुणे शहराची लोकसंख्या ३१ लाख होती! आख्खं पुणे पट्टीवर गेलं. आणि हाडांतला मगज सेकंदाला २४ लाख तांबड्या पेशी तयार करत असतो, म्हणजे यंत्रावर आकडा उमटायच्या आतच पुणे पुन्हा वसलेलं असतं.

अंगात एकूण तांबड्या पेशी सुमारे २५ लाख कोटी. एकेक पेशी साडेसात मायक्रोमीटर रुंद, म्हणजे मिलिमीटरभर जागेत एकशेतीस-पस्तीस सहज बसतील. आता या सगळ्या एकीला एक चिकटवून रांगेत मांडा. रांग किती लांब जाईल? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुण्यापर्यंत रेल्वेने १९२ किलोमीटर. तिथवर गेली, परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि अशा पावणेदहाशे खेपा झाल्या तेव्हा रांग संपली: १ लाख ८७ हजार किलोमीटर. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचे भारतीय रेल्वेचे सगळे मार्ग मिळून ६९ हजार किलोमीटरच्या आसपास भरतात. त्यांच्या अडीच पटींहून जास्त लांब रांग, आणि ती आपल्या अंगात घडी करून ठेवलेली. त्यातल्या प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू, आणि प्रत्येक रेणूवर ऑक्सिजनच्या चार बैठका. एका पेशीत १०८ कोटी प्रवासी बसतात! साधारण मिनिटाला एक फेरी, चार महिन्यांचं आयुष्य, म्हणजे जन्मभरात पावणेदोन लाखांच्या घरात फेऱ्या.

आता पेशीच्या आत शिरू. तांबडी पेशी नको, ती फार लहान. २ हजार घन मायक्रोमीटरची एखादी मध्यम चणीची पेशी घेऊ, डोळ्यांना न दिसणारी. तिच्यात बहुतेक पाणीच. शंभरात सत्तर भाग पाणी धरलं तर पाण्याचे रेणू किती झाले? ४७ लाख कोटी. थांबा, पुन्हा वाचा. पुरुषाच्या सगळ्या शरीरात पेशी ३६ लाख कोटी, आणि त्यांपैकी एका पेशीत पाण्याचे रेणू ४७ लाख कोटी! दर रेणूमागे पाण्याचा एक थेंब धरून ते सगळे थेंब विहिरीत ओतले तर? विहीर चांगली वीस फूट रुंद, बत्तीस फूट पाण्याची. उन्हाळ्यात अशी एक विहीर गावाला आधार असते. ती भरेल, दुसरी भरेल, शंभरावी भरेल, हजारावी भरेल. अशा आठ हजारांवर विहिरी काठोकाठ भरतील. आख्खा तालुका भिजेल, एका पेशीतल्या रेणूंच्या हिशेबाने.

आणि त्या पाण्यात प्रथिनं आहेत, खच्चून भरलेली. दर घन मायक्रोमीटरला २० ते ४० लाख. पेशी थोडी मोठी असली की बेरीज हजार कोटींवर जाते. म्हणजे जगातली सगळी माणसं एका पेशीत आणून बसवली तरी प्रथिनं त्यांच्याहून जास्त. ती घडवणारे रायबोसोम एकेका पेशीत कोटीच्या घरात असू शकतात, आणि एकेक रायबोसोम सेकंदाला पाचेक दुवे जोडत जातो. एका पेशीत, एका सेकंदात, पाच कोटी दुवे. या रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं, त्यांतले व्यंकटरामन रामकृष्णन बी.एस्सी. झाले ते गायकवाडांच्या बडोद्यात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात.

बरं, प्रथिन नुसतं जोडून भागत नाही. त्या लांबलचक माळेची घडी पडावी लागते, आणि नेमकी एकच. शास्त्रज्ञ सायरस लेव्हिन्थाल यांनी १९६९ मध्ये हिशेब केला: एका प्रथिनाच्या शक्य घड्या किती? १ वर ३०० शून्यं. दिसणाऱ्या सगळ्या विश्वातल्या अणूंची संख्या १ वर साधारण ८० शून्यांत आटोपते! तरी पेशीतलं प्रथिन पुष्कळदा डोळ्याचं पातं लवायच्या आत बरोबर घडी घालून मोकळं होतं. माणसाने शोधलेल्या घड्यांची नोंद मात्र १९७१ पासून ठेवली जाते; २०२३ ची सुरुवात उजाडली, तेव्हा जगभरच्या सगळ्या प्रयोगशाळांच्या मिळून २ लाख रचना झाल्या. आणि मध्येच, जुलै २०२२ मध्ये, अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीने २० कोटींहून जास्त रचनांचे अंदाज एकदम जगापुढे ओतले. जुन्या वेगाने तेवढ्याला ५० हजार वर्षं लागली असती. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांचा वाटा आहे तो याच कामासाठी.

आता डीएनए. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर दोन मीटर, आणि तो कोंबलेला असतो सहा मायक्रोमीटरच्या केंद्रकात. हे असं सांगितलं की काही डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून सगळं लाखपट मोठं करू. केंद्रक होईल दोन फुटांचा गोळा. डीएनएची जाडी होईल शिवणाच्या दोऱ्याएवढी. आणि दोऱ्याची लांबी? २०० किलोमीटर! मुंबईला सुईत ओवलेला दोरा कर्जत, खंडाळा, लोणावळा करत पुण्याला पोचला, वर आठ किलोमीटर उरला, आणि तो सगळा दोन फुटांच्या गोळ्यात बसवायचा आहे. ४६ तुकड्यांत, गुंता न होता, हवी ती जागा हवी तेव्हा उघडता येईल असा. पेशी दुभंगायच्या आधी हा सगळा दोरा उसवून त्याची हुबेहूब दुसरी प्रत काढायची असते. साधारण आठ तासांत, एका पाळीत! त्या दोऱ्यावरच्या अक्षरांचा एक पूर्ण संच, ३०५ कोटी अक्षरांचा, शास्त्रज्ञांना पहिल्यांदा सलग वाचता आला तो २०२२ मध्ये. तुम्ही-आम्ही तो मोठ्याने वाचू लागलो, सेकंदाला पाच अक्षरं, रात्रंदिवस, तर एकोणीस वर्षं उलटून जातील. पेशीत असे दोन संच असतात, आणि ती दोन्ही एका पाळीत उतरवते.

हा झाला एका पेशीचा दोरा. तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, त्या वगळू. तरी किमान ३ लाख कोटी पेशी उरतात. प्रत्येकीचे खरे, न फुगवलेले दोन मीटर. टोकाला टोक जोडा: ६०० कोटी किलोमीटर. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली, रोज एकदा मुंबईला जाते आणि रोज एकदा पुण्याला परत येते. एका माणसाच्या डीएनएइतकं अंतर तोडायला तिला ४२ हजार ७०० वर्षांहून जास्त धावावं लागेल. सूर्यापासून प्लूटो सरासरी ५९० कोटी किलोमीटरवर आहे. सूर्यावर एक टोक बांधा, प्लूटोपर्यंत ताणा, तरी दोरा उरतो. एकट्या माणसाचा दोरा!

या सगळ्या गर्दीतून मालही वाहून न्यावा लागतो, आणि तो नेतात चालत. कायनेसिन नावाचं प्रथिन अक्षरशः दोन पायांवर चालतं, पाठीवर ओझं घेऊन, एका पावलात ८ नॅनोमीटर, सेकंदाला शंभर पावलं. कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत मीटरभर लांबीची एकच चेतापेशी जाते, आणि तिचा माल या टोकाहून त्या टोकाला न्यायचा तर पावलं पडतात साडेबारा कोटी. दिवस लागतात चौदा-पंधरा. आळंदीहून पंढरपूरची वाट अडीचशे किलोमीटरची, माऊलींची पालखी ती तीनेक आठवड्यांत चालते. इथे माणसाच्या पावलाच्या मापाने साडेबारा कोटी पावलं म्हणजे ८७ हजार किलोमीटर, पृथ्वीला दोन प्रदक्षिणा! एक कायनेसिन शंभर-सव्वाशे पावलं गेलं की वाट सोडतं, लगेच दुसरं पालखीला खांदा लावतं. अशी वारी आपल्या पायांत आत्ता चालू आहे, एक नव्हे, हजारो.

प्रत्येक पावलाला एक एटीपी खर्ची पडतो. एटीपी म्हणजे पेशीतलं चलनी नाणं. अंगात एका वेळी ते असतं मूठभरच, पण तेच ते दिवसातून हजारभर वेळा मोडलं जातं आणि पुन्हा पाडलं जातं. दिवसाची उलाढाल जवळजवळ आपल्या वजनाएवढी, ६० किलोच्या माणसात साठेक किलो! टांकसाळीत फिरती चक्रं आहेत, खरोखरची चक्रं, सेकंदाला शंभराहून जास्त गिरक्या घेणारी. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्यांतल्या एका चक्राला चमकता धागा बांधला आणि तो गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी पाहिला. सेकंदाला किती रेणू पाडले जातात? इथे लाख-कोटी तोकडे पडतात. आपली जुनी मोजणी एकं, दहं, शतंपासून चढत चढत परार्धावर थांबते, १ वर १७ शून्यं. एका माणसाच्या अंगात एटीपीचे सेकंदाला आठ हजार परार्ध रेणू तयार होतात.

आणि आता मेंदू. मे २०२४. हार्वर्डचे जेफ लिक्टमन आणि गूगलचे विरेन जैन यांच्या चमूने माणसाच्या मेंदूचा एक तुकडा पूर्ण रेखाटला. तुकडा केवढा? एक घन मिलिमीटर. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत एका स्त्रीच्या मेंदूतून काढावा लागलेला. त्याचे पाच हजारांहून जास्त काप काढले, एकेक काप मिलिमीटरचा तीस हजारावा हिस्सा. त्या कणभर तुकड्यात निघाल्या ५७ हजार पेशी, २३ सेंटीमीटर रक्तवाहिन्या आणि पेशी-पेशींमधले १५ कोटी जोड. चित्रं साठवायला जागा लागली १,४०० टेराबाइट. १२८ जीबीचे मोबाइल घेतले तर जवळजवळ ११ हजार मोबाइल काठोकाठ भरतील. मोहरीच्या दाण्याएवढ्या मेंदूसाठी!

सगळ्या मेंदूचं काय? मेंदूत असे घन मिलिमीटर असतात साधारण १३ लाख. करा गुणाकार. १,४०० कोटींहून जास्त मोबाइल. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला एक देऊनही सहाशे कोटी उरतील. एकेकाचं वजन २०० ग्रॅम धरा, सगळे मिळून झाले २८ लाख टन. एका मालगाडीत ४ हजार टन भरा. गाड्या लागल्या ७००! एकेक गाडी साडेसहाशे मीटर लांब. आता त्या गाड्या एकामागे एक जोडा, पहिलीचं शेपूट मुंबईच्या फलाटाला. कल्याण गेलं, कर्जत गेलं, घाट चढला, लोणावळा, पुणे मागे पडलं, दौंड, कुर्डुवाडी, आणि सगळ्यांत पुढचं इंजिन उभं आहे सोलापूरला. मुंबईपासून सोलापूरपर्यंत साडेचारशे किलोमीटर रूळ गच्च भरले, एका मेंदूचा नकाशा वाहून न्यायला.

तो एक घन मिलिमीटरचा तुकडा ‘एच-०१’ या नावाने सगळ्या जगासाठी खुला ठेवला आहे. पैसे पडत नाहीत, इंटरनेट असलं की पुरे. प्रत्येक चेतापेशी वेगळ्या रंगात दिसते, फिरवून बघता येते, एका जोडापासून दुसऱ्यापर्यंत बोटाने जाता येतं. घरात शाळेत जाणारं पोर असेल तर या रविवारी त्याच्या शेजारी बसा आणि दोघं मिळून तो उघडा.